काळी पथरी म्हणून ओट्याचा कडप्पा गळ्यात मारला

अमळनेरला माझं छोटं सलून आहे. गिऱ्हाइकाला आता सगळीकडे अर्ध्या ब्लेडचाच वस्तरा, वापरलं ब्लेड की फेकलं. पण खरा वस्तरा वापरणारी सहा-सात माणसं अजून आहेत, स्वतःचा वस्तरा घरी ठेवतात, घरीच दाढी करतात आणि महिना-दीड महिन्याने धार लावायला माझ्याकडे आणतात. त्या कामासाठी नानांच्या धोकटीतली पिवळी पथरी, म्हणजे धार लावायचा दगड, होती, ती दिवाळीच्या साफसफाईत फरशीवर पडली आणि तीन तुकडे झाले. तशीच दुसरी घ्यायची तर ती बेल्जियमची, कोटिक्यूल म्हणतात, व्हिएलसाल्मच्या भागात निघते, पिवळ्या दगडात गार्नेट नावाच्या कडक खनिजाचे बारीक कण असतात तेच पोलाद कापतात, आणि पाणी टाकून घासलं की दुधासारखा लगदा निघतो. किंमत ऐकूनच मी गप्प बसलो.

मग एक दिवस दुपारी दुकान रिकामं असताना एक माणूस आला, पन्नाशीचा, बोलायला गोड. भुसावळच्या रेल्वे बंगल्यातून जुनं सामान घेतलं म्हणाला, इंग्रज साहेबाचं. लाकडी पेटी, आत हिरवं मखमल, त्यावर तेलाने माखलेला काळा कुळकुळीत दगड, सहा इंच बाय दोन इंच, पाऊण इंच जाड. "दादा, ही अमेरिकेची आर्कान्साची पथरी, हिला पाणी चालत नाही, तेलच लागतं." आता हे सगळंच खोटं नव्हतं हो! आर्कान्साच्या वॉशिटा डोंगरात नोव्हाक्युलाइट नावाचा दगड निघतो, जवळपास सगळा सिलिकाच, म्हणजे गारगोटीच्या जातीचा, त्यातली काळी जात फार बारीक आणि कडक, आणि लोक ती वर्षानुवर्षं बहुतेक तेलावर वापरत आले. खऱ्या गोष्टीच्या आडोशाने त्याने खोटा दगड विकला, म्हणूनच मी फसलो.

त्याने खिशातून स्वतःचा वस्तरा काढला, दगडावर आठ-दहा हात मारले आणि माझ्या मनगटावरचे केस हवेतल्या हवेत उडवून दाखवले. मी हे काम पंचवीस वर्षं करतोय, तरी तेव्हा एवढं सुचलं नाही की तो वस्तरा आधीच धार लावून आणलेला असेल, आणि गुळगुळीत दगडावर आठ-दहा हात मारून ती धार जात नसते. माझा बोथट वस्तरा त्याच्या हातात द्यायला पाहिजे होता, "याला लावून दाखव" म्हणायला पाहिजे होतं. पेटीच्या झाकणावर "१२००० ग्रिट" असं लेबल होतं, तिथंही शंका यायला हवी होती, कारण ग्रिटचा नंबर, म्हणजे पथरीचे कण किती बारीक त्याचा आकडा, हा कारखान्यात ठरावीक मापाचे कण घेऊन बनवलेल्या पथरीचा असतो. डोंगरातून निघालेल्या दगडाला असा ठरलेला नंबर नसतो, कोणी सांगितला तर तो फार तर अंदाज. पथरीसाठी नावाजलेल्या जपानच्या नाकायामा खाणीचे शिक्केसुद्धा लोक भलत्याच दगडावर मारतात, त्यामुळे शिक्का आणि लेबल बघून पैसे देऊच नका.

नऊ हजार म्हणाला, साडेसहा हजारावर आला, मी मोबाईलवरून लगेच पाठवले.

तीन आठवडे मी त्या दगडावर घासत होतो. पांढऱ्या फडक्याने पुसलं की काळं यायचं, मला वाटायचं पोलाद निघतंय, म्हणजे दगड कापतोय. पण एक रिटायर गुरुजी वस्तरा परत घेऊन आले, म्हणाले, दाढी करताना ओढतोय रे, माझ्या हनुवटीला कापलं. मला रात्री झोप नाही. सकाळी दगडाला वस्तरा न लावता नुसतंच फडकं फिरवलं, तरी काळं! म्हणजे पोलाद नव्हतंच, वरून चढवलेलं काळं पॉलिश होतं.

मग भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात चारदा धुतला. तेल गेल्यावर रंग राखाडी. सराफ्यातल्या मित्राच्या काट्यावर आधी वाळका तोलला, ३९८ ग्रॅम, मग दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत, २५१. फरक १४७, वाळक्या वजनाला त्याने भागलं तर २.७ आलं, म्हणजे दगड पाण्याच्या २.७ पट जड. खरा काळा आर्कान्साही २.६ च्या आसपासच येतो, म्हणून नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नका, त्याने फार तर हलका आणि पाणी पिणारा बनावट दगड सापडेल. मी परत गोंधळात पडलो.

उलगडा आईने केला. ओट्यावर ठेवला होता, ती लिंबू कापत होती, दोन थेंब दगडावर पडले आणि बारीक बुडबुडे आले, पुसल्यावर पांढरट डाग. आईने ओट्यावरचा जुना लिंबाचा डाग दाखवला आणि म्हणाली, "हाऊ ते आपला ओटाना दगड शे." कडप्पाच! कडप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू त्याला खातं, सिलिकाला काही करत नाही. मग साधा लोखंडी खिळा घेऊन कडेला ओढला, सरळ खाच पडली. खऱ्या आर्कान्सावर खाच पडत नाही, उलट खिळ्याचं लोखंड दगडावर करड्या रेघेसारखं उमटतं. जो दगड खिळ्याने ओरखडतो तो वस्तऱ्याचं पोलाद काय कापणार? आणि तेल लावलेलं असताना लिंबाचा थेंब नीट बसतच नाही, म्हणून त्याने एवढं तेल माखलं होतं हे तेव्हा कळलं.

त्याचा फोन पहिल्याच आठवड्यापासून बंद आहे. गुरुजींचा वस्तरा मी नानांच्या पथरीच्या मोठ्या तुकड्यावर परत लावून दिला, पैसे घेतले नाहीत. पण माझ्या दुकानात पेटी उघडली तेव्हा त्याच्या पिशवीत अशाच अजून दोन पेट्या मी डोळ्यांनी बघितल्या आहेत, चोपड्याकडे जातो म्हणाला होता. चोपडा, शिरपूर, धुळे त्या बाजूला जे कोणी वस्तऱ्याचं काम करत असाल, तो आला तर आधी तेल त्यालाच साबणाने धुवायला सांगा, आणि घरातून एक लिंबू मागवून घ्या.