थिंकपॅड टी४८०, २४,५०० रुपये आणि दुसऱ्याच मशीनचा बॅटरी रिपोर्ट

रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त करून विकलेले) लॅपटॉप म्हणून काय काय खपवतात ते बहुतेकांना ठाऊक आहे, ते उगाळत बसत नाही. मला विकलं ते असं: लेनोवो थिंकपॅड टी४८०, आठव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, २४,५०० रुपये. "कंपनीचा लॉट आहे साहेब, बॅटरी ९२ टक्के." पैसे यूपीआयने, बिल हाताने खरडलेलं.

दुकानात लॅपटॉप आधीच चालू, चार्जर लावलेला. बॅटरी रिपोर्ट (बॅटरीची मूळ आणि आता उरलेली क्षमता सांगणारी विंडोजची फाइल) मागितल्यावर दुकानदाराने डेस्कटॉपवरची तयार फाइल उघडली. तिथेच उठून यायला हवं होतं! टी४८० मध्ये बॅटऱ्या दोन: एक आत, एक मागून काढता येणारी. रिपोर्टमध्ये दोन्हींचे आकडे वेगवेगळे येतात, मूळ क्षमता साधारण २४,००० मिलीवॅट-अवर प्रत्येकी (मागची मोठी असली तर जास्त). समोर दिसत होती एकच. वर मॉडेलचं नाव आणि रिपोर्ट काढल्याची वेळ असते, पण त्याने स्क्रोल करून थेट खालचा भाग पुढे धरला. रिपोर्ट दुसऱ्याच मशीनचा होता.

आता कोणीतरी म्हणणारच, एवढं कळतं तर पाहिलं का नाही? अहो, लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे रंग लावून डेड पिक्सेल (स्क्रीनवरचे मेलेले ठिपके) पाहिले, बिजागऱ्या पाहिल्या, एकेक की दाबून पाहिली, क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडी किती तास वापरली ते पाहिलं. सगळं व्यवस्थित. बाकीचं सगळं खरं दाखवून एकच गोष्ट खोटी दाखवायची, हीच तर त्यांची हातचलाखी.

घरी रिपोर्ट काढला. आतली ९,१४०, मागची ११,३८०. चार्जर काढला की पाऊण तासात बंद. दोन्ही नव्या घालायच्या तर ५,८०० वेगळे. आणि सुरू करताना एफ१ दाबलं तर बायोस (विंडोजच्याही आधी चालणारी मशीनची मूळ सेटिंग) सुपरवायझर पासवर्ड मागतो, जुन्या कंपनीचा! तो नसेल तर सेटिंग नुसत्या बघायच्या, बदलता येत नाहीत. थिंकपॅडवर सीमॉसचा सेल (मदरबोर्डवरची छोटी बॅटरी) काढून हा पासवर्ड जात नाही. अधिकृत उपाय म्हणजे मदरबोर्ड बदला. "रीस्टार्ट नको, अपडेट चालू आहे" हे दुकानदार का म्हणत होता, ते तेव्हा कळलं.

तयार फाइल बघूच नका. कमांड प्रॉम्प्ट स्वतः उघडा, 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश, 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करा, तयार झालेला रिपोर्ट उघडा आणि त्याच्या वरची वेळ आत्ताची आहे का बघा. मग चार्जर काढून पंधरा मिनिटं व्हिडिओ लावून ठेवा. मेलेली बॅटरी साठवरून एकदम अकरा टक्क्यांवर येते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलेली असू शकते, हातच लावू नका.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "बॅटरी कन्झ्युमेबल, वॉरंटीत येत नाही." चौकीत गेलो तर दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही दुकानात बसून स्वतः पैसे दिलेत, यात सायबर कुठे? म्हणजे चोराने समोर बसवून लुटलं तर तो गुन्हाच नाही का? ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली; दुकानदाराने उत्तर दिलं नाही आणि तक्रार 'बंद' झाली. कोणी बंद केली, का केली, सांगायला माणूस नाही. राहिला जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, २०१९ च्या कायद्यात तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. 'प्रयत्न'! तिथला कारकून म्हणतो, बिलावर सिरीयल नंबर नाही, मशीन हेच कशावरून? प्रश्न बरोबर आहे, हाच तर संताप आहे.

म्हणून बिलावर सिरीयल नंबर, बॅटरीची क्षमता आणि 'बायोस पासवर्ड नाही' एवढं लिहून घ्याच. ऑफिसातून निघालेलं मशीन असेल तर विंडोज रीसेट करून, वायफाय जोडून पहिला सेटअप समोर करायला लावा. कुठल्या कंपनीचं लॉगिन पान आलं तर ते मशीन अजून त्यांच्याच ताब्यात आहे. प्रोसेसरचं नाव विंडोजच्या रजिस्ट्रीतून बदलता येतं, तेव्हा सीपीयू-झेड (खरा प्रोसेसर ओळखणारा प्रोग्रॅम) स्वतःच्या पेनड्राइव्हवर न्या. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर २४,५०० तुमच्याच खात्यात राहू द्या.