एच४३५०: माझ्या .३०-०६ साठी हीच पावडर का

शिकारीची काडतुसं घरी भरणारे बहुतेक जण पावडर, म्हणजे काडतुसातली दारू, निवडताना आधी गोळीचा वेग बघतात. मॅन्युअलचं, म्हणजे कुठल्या गोळीमागे कुठली पावडर किती घालायची ते सांगणाऱ्या पुस्तकाचं, पान उघडायचं, आपल्या गोळीच्या वजनाखाली सर्वांत मोठा आकडा कुठल्या पावडरसमोर आहे ते शोधायचं आणि तो डबा आणायचा. मला ही पद्धत मुळातच पटत नाही. सेकंदाला पन्नास फूट जास्त मिळाले म्हणून हरणाला काही कळत नाही. पण उन्हाळ्यात शून्य केलेली, म्हणजे नेम जुळवलेली, रायफल थंडीत दोन बोटं खाली मारू लागली, तर जनावर जखमी होऊन झाडीत निघून जातं आणि मग रात्रभर झोप लागत नाही. म्हणून मी पावडर निवडते ती तिच्या सारखेपणावरून. .३०-०६ या रायफलच्या काडतुसात १८० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळीमागे माझी पसंती हॉजडन कंपनीच्या एच४३५० ला आहे.

आधी पावडर कशी दिसते ते सांगते. तळहातावर चिमूटभर घेतली की पेन्सिलच्या शिशाचे बारीक तुकडे वाटतात: काळपट राखाडी, ग्रॅफाइटमुळे किंचित चमकणारे. भिंगाखाली धरलं तर प्रत्येक दाण्याच्या मधोमध आरपार भोक दिसतं. हे भोक मोठं कामाचं आहे. दाणा बाहेरून जळत जातो तशी त्याची बाहेरची बाजू आकसते, पण भोकाची आतली बाजू त्याच वेळी रुंदावत जाते. त्यामुळे जळणारं क्षेत्रफळ फारसं कमी होत नाही आणि गोळी नळीतून पुढे सरकत असताना मागून वायूचा रेटा टिकून राहतो. वरून दाण्यांवर जळण सुरुवातीला धीमं ठेवणारा लेप असतो. ही सिंगल-बेस पावडर आहे, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची. नायट्रोग्लिसरीन तिच्यात नाही.

तयार होते ती ऑस्ट्रेलियात, मुलवालाच्या कारखान्यात, आणि तिथे एआर२२०९ या नावाने विकली जाते. हॉजडनच्या ‘एक्स्ट्रीम’ मालिकेतल्या वार्गेट, एच४८३१ आणि एच१००० याही तिथल्याच. या मालिकेचं वैशिष्ट्य एकच: तापमान बदललं तरी पावडरीचं वागणं फार बदलत नाही.

हे किती महत्त्वाचं आहे ते शिकारीला जाणाऱ्यालाच कळतं. लोड, म्हणजे ठरावीक गोळीमागे ठरावीक पावडर, बसवायचं काम आपण रेंजवर, उकाड्यात करतो आणि शिकारीचा हंगाम बहुधा गारठ्यात येतो. साधी पावडर तापली की जोरात जळते, दाब वाढतो, वेग वाढतो. गारठली की उलट. .३०-०६ ची दाबाची ठरलेली कमाल मर्यादा ६०,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. गार सकाळी जेमतेम मर्यादेत बसलेला लोड रणरणत्या दुपारी, गाडीत तापलेल्या डब्यातून काढून झाडला, तर तो मर्यादेत राहीलच असं नाही. माझ्या रायफलमध्ये एच४३५० चा गार सकाळचा आणि तापलेल्या दुपारचा वेग क्रोनोग्राफवर इतका जवळ येतो की दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवले तर कुठला कधीचा ते ओळखू येत नाही. त्याच गोळीमागे, त्याच पुंगळ्यांत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यांत) आयएमआर ४३५० ही दुसरी पावडर भरली तेव्हा फरक सहज दिसत होता. आयएमआर वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. अचूकतेत ती तोडीस तोड होती. पण तिचा लोड ज्या ऋतूत बसवला त्याच ऋतूत वापरावा असं माझं मत झालं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. डब्यावर ४३५० लिहिलंय म्हणजे पावडर तीच, असं समजू नका. हॉजडनची एच४३५० वेगळी, आयएमआर ४३५० वेगळी, ॲक्युरेटचीही एक ४३५० आहे ती आणखी वेगळी. जळण्याचा वेग साधारण एका पट्ट्यातला असल्याने आकडा सारखा आहे, एवढंच. २००३ पासून आयएमआर हा ब्रँडही हॉजडनकडेच आहे, त्यामुळे दोन्ही डबे एकाच कंपनीचे म्हणून शेजारी उभे असतात आणि नवख्याचा गोंधळ आणखी वाढतो. एकीचा लोड डेटा दुसरीला लावायचा नाही, म्हणजे नाही. याच्या बरोबर उलट उदाहरण एच४८३१ आणि एच४८३१एससी यांचं. ‘एससी’ म्हणजे फक्त आखूड कापलेले दाणे. पावडर तीच, डेटाही तोच. आणि विंचेस्टर ७६० व हॉजडन एच४१४ ही तर एकच पावडर दोन नावांनी विकली गेलेली. या नावांत तर्क शोधायला जाऊ नये. आपल्या डब्यावर जे अक्षर आणि जो आकडा आहे, तंतोतंत तोच मॅन्युअलमध्ये दिसला पाहिजे.

एच४३५० मला आवडण्याचं दुसरं कारण म्हणजे ती पुंगळी भरते. .३०-०६ ला १८० ग्रेनच्या गोळीमागे मॅन्युअलमधल्या वरच्या टोकाजवळचा लोड घातला की पावडर जवळजवळ मानेपर्यंत येते. तयार काडतूस कानाजवळ हलवलं तर आत दाणे खुळखुळत नाहीत. याचे दोन फायदे. रायफल वर रोखा की उतारावर खाली, पावडर प्रायमरपाशी (पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीपाशी) तशीच दाबून राहते, त्यामुळे दर वेळी पेट सारखा घेते. दुसरा फायदा सुरक्षिततेचा: चुकून दोनदा भरायची वेळ आलीच तर पावडर पुंगळीतून बाहेर सांडते, लपून राहत नाही. जलद जळणारी पावडर थोडीच लागते, तिच्यात ही सोय नाही. तरीसुद्धा भरलेल्या पुंगळ्यांचा ट्रे गोळ्या बसवण्याआधी मी टॉर्च मारून बघतेच, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवते.

आता तक्रार. ही पावडर मेझरमधून, म्हणजे पावडर मापून ओतणाऱ्या यंत्रातून, नीट उतरत नाही. दाणे आयएमआर ४३५० पेक्षा आखूड आहेत, त्यामुळे तिच्याइतकी अडत नाही, पण ड्रम फिरवताना एखादा दाणा कडेला सापडतो, हाताला कच्चकन कापल्याचं जाणवतं आणि ते माप थोडं कमी-जास्त येतं. मी मेझरने थोडं कमीच टाकते आणि उरलेलं ट्रिकलरने दाणा दाणा टाकत तराजूवर पूर्ण करते. शिकारीची काडतुसं मोजकी लागतात, त्यामुळे मला हा वेळ जड जात नाही. रेंजवर शेकड्यांनी उडवणाऱ्याला जाईल. त्याने बॉल पावडर, म्हणजे गोल दाण्यांची, बघावी. विंचेस्टर ७६० मेझरमधून इतकी सरळ उतरते की प्रत्येक माप एकसारखं पडतं. मात्र बॉल पावडर पेटायला अवघड असते, थंडीत तर जास्तच, म्हणून काही लोडला मॅन्युअल मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचा, प्रायमर सांगतं. शिवाय तापमानाला ती हळवी असते. माझ्या कामाला ती म्हणूनच चालत नाही.

रीलोडर १६ चं नाव घेतल्याशिवाय हे पुरं होणार नाही. अलायंटची ही पावडर एच४३५० च्या अगदी जवळची, डबल-बेस (म्हणजे नायट्रोग्लिसरीनही असलेली) आणि तापमानाला बऱ्यापैकी घट्ट. वेगही थोडा जास्त देते. एच४३५० न मिळाल्यास मी बिनदिक्कत हीच घेईन, अर्थात तिचा स्वतःचा डेटा घेऊन आणि खालून सुरुवात करून. आणि एच४३५० न मिळण्याची वेळ येतेच. २००७ मध्ये हॉर्नडीने ६.५ क्रीडमोर आणलं, तेव्हा सुरुवातीच्या खोक्यांवर लोडची माहितीच छापली होती आणि तिच्यात पावडर होती एच४३५०. ते काडतूस इतकं गाजलं की ही पावडर अनेकदा मिळेनाशी झाली. डबा दिसला की घ्यावा, आणि शक्य असेल तर एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, दोन घ्यावेत.

.३०-०६ सोडून कुठल्या काडतुसांना घ्यावी? .२७० आणि .२४३ ला जड गोळ्यांमागे डोळे मिटून. .३०८ वाल्यांनी माझ्या मते वार्गेटकडे किंवा आयएमआर ४०६४ कडे जावं. एच४३५० त्या लहान पुंगळीला मावेल तेवढी घालूनही वेग मागेच राहतो. .३०० विंचेस्टर मॅग्नम किंवा ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमसारख्या मोठ्या पोटाच्या पुंगळ्यांना एच४८३१एससी किंवा एच१००० शोभते. आणि नवशिक्या मुलासाठी किंवा कमी धक्क्यासाठी हलका लोड हवा असेल तर एच४३५० मनाने कमी करत जाऊ नका. मोठ्या पुंगळीत धीमी पावडर फार कमी घालणं धोक्याचं असतं. त्या कामासाठी हॉजडन स्वतःच एच४८९५ सुचवते, तीच घ्यावी.

नवीन डबा उघडला की मी आधी लॉट नंबर वहीत लिहिते. लॉट बदलला असेल तर जुना लोड जसाच्या तसा भरत नाही. खाली उतरून पुन्हा वर येते. कमाल आकड्याच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात, मग थोडं थोडं वाढवत जायचं, आणि बोल्ट उचलायला जड वाटला किंवा प्रायमर चपटा दिसू लागला, की दाब जास्त झाला असं समजून तिथेच थांबायचं. पावडर मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी ठेवायची. बाटलीत ओतून वर चिठ्ठी चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत. चिठ्ठी गळून पडली की ती पावडर टाकूनच द्यावी लागते. जुना डबा उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला किंवा आत तांबूस गंजासारखी भुकटी दिसली, तर पावडर कुजायला लागली आहे. तीही भरायची नाही.

एका पाउंडाच्या डब्यात ७,००० ग्रेन असतात. .३०-०६ ला मोजून-मापून भरलं तर एक डबा माझ्या शिकारीला आणि तिच्या आधीच्या सरावाला हंगामभर पुरतो. सध्याचा लॉट संपत आला आहे आणि पुढचा डबाही एच४३५० चाच घेणार आहे.