साताऱ्यात घेतलेले नेच्याचे चांदीचे कडे

मुलीने वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केले, त्या निमित्ताने तिला अंगावर कायम राहील असे काही द्यावे असे मी ठरवले, आणि तिने सोने नको म्हणून सांगितले. तिला हवे होते चांदीचे, चांगले रुंद, उघड्या तोंडाचे कडे, ज्याला हल्ली दुकानांत कफ म्हणतात. त्यावर झाडपाला असावा, पण तो पत्र्यावर ठसा मारल्यासारखा सपाट नसावा, बोट फिरवले तर जाणवेल इतका उठावदार असावा, एवढीच तिची अट होती. ती पुरी करायला मला दीड महिना लागला. शेवटी राजवाड्याजवळच्या एका जुन्या पेढीत मिळालेले कडे आता सहा महिने तिच्या हातात आहे, त्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहिता येते.

सगळ्यांत आधी मला दाखवण्यात आले ते पिंपळपानांचे कडे. पिंपळाच्या पानात मधल्या शिरेतून बाजूच्या शिरा फुटतात, त्या कडेपाशी एकमेकींना मिळून जाळे करतात, आणि पानाचे टोक शेपटीसारखे लांब निघालेले असते, ज्यावरून पावसाचे पाणी निथळून जाते. कड्यावरच्या पानांचा घेर पिंपळाचा होता, शिरा मात्र बांबूच्या पानासारख्या समांतर ओढलेल्या होत्या आणि टोके बहुधा कपड्यात अडकू नयेत म्हणून आखूड केलेली होती. वर्गात पंचवीस वर्षे मुलांकडून पानांच्या शिरा काढून घेतल्यावर ही चूक मला डोळ्यांआड करता येईना. मी कडे उलटे केले, तेव्हा आत सरळ गुळगुळीत पट्टी दिसली. पाने वेगळी ठोकून वरून डाक लावून, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या जोडाने, बसवली होती आणि दोन ठिकाणी डाकाचे थेंब तसेच राहिले होते. तेव्हापासून मी प्रत्येक कडे आधी आतून पाहू लागले, आणि हीच सवय पुढे सर्वांत उपयोगी पडली.

दुसऱ्या दुकानातले कडे मनात भरण्यासारखे होते. वाळक्या फांदीचा आकार होता, साल, गाठी, पान गळून गेल्यावर राहिलेली खूण, सगळे जसेच्या तसे. असे काम बहुतेक ओतीव असते. मेणाची प्रतिकृती करून तिच्याभोवती साचा बसवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत रस ओततात. त्यामुळे सालीची बारीक सुरकुतीसुद्धा चांदीत उतरते, आणि खडबडीत साल दाखवायला याहून चांगली पद्धत नाही. परंतु वितळलेली चांदी हवेतील ऑक्सिजन शोषून घेते आणि थिजताना तो बाहेर टाकते. ओतणाऱ्याने काळजी घेतली नाही तर दागिन्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात, आणि भिंगातून पाहिल्यावर ती मला फांदीच्या वळणावर, म्हणजे ताण येतो नेमक्या त्याच जागी, दिसली. शिवाय त्याचे वजन सत्तर ग्रॅमच्या वर होते. एवढे भरीव कडे दिवसभर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलीच्या हाताला ओझे होईल म्हणून ते मी जड मनाने परत ठेवले.

रस्त्याच्या कडेला ऑक्सिडाइज्ड म्हणून जी कडी टांगलेली असतात, त्यांचा विचार मी केला नाही. ती बहुधा जर्मन सिल्व्हरची असतात. त्या धातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नसते, आणि निकेलमुळे काहींच्या त्वचेला पुरळ येते.

झाडाफुलांचे दागिने आपल्याकडे नवे नाहीत. बोरमाळ, बकुळीहार, चाफेकळी, जवमणी, आणि जिथे तिथे कोयरी. ही नावे ऐकली तरी आजीच्या दागिन्यांचा डबा उघडल्यासारखे वाटते. पण त्या दागिन्यांतली दृष्टी वेगळी आहे. बोरमाळेचा मणी बोराचा गोलवा तेवढा घेतो, देठ आणि साल सोडून देतो, आणि असे पन्नास मणी ओळीने आले की त्यांची लय दिसते. मनगटावरच्या एकुलत्या रुंद कड्याला ही सोय नसते. त्याला शिल्पासारखे उभे राहावे लागते, म्हणजे वरून, बाजूने आणि आतून पाहिले तरी त्याचा आकार पटावा लागतो. म्हणूनच कारागिराने ते झाड खरोखर पाहिले आहे की दुसऱ्या दागिन्याची नक्कल केली आहे, हे अशा कड्यात लगेच उघडे पडते.

आम्ही घेतलेले कडे नेच्याचे आहे. पावसाळ्यात आपल्याकडे जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांतून नेचे उगवतात. त्यांचे कोवळे पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखे आत गुंडाळलेले असते आणि वाढताना हळूहळू उलगडते. या कड्याची दोन्ही टोके तशी गुंडाळलेली आहेत. एका टोकाची गुंडाळी घट्ट आहे, दुसऱ्याची थोडी सैल, जणू ते पान दोन दिवसांनी मोठे आहे. मधली रुंद बाजू म्हणजे पूर्ण उलगडलेले पान, आणि त्याच्या पर्णिका देठाकडून टोकाकडे क्रमाने लहान होत जातात. ही नक्षी वरून चिकटवलेली नाही. राळेवर पत्रा बसवून आतून ठोकत प्रत्येक पर्णिका उठवली आहे, मग पत्रा उलटा करून बाहेरून तिच्या कडा दाबल्या आहेत. त्यामुळे वजन बेचाळीस ग्रॅमवर राहिले तरी कड्याला ताठपणा आला, कारण उठवलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा सहज वाकत नाही, आणि हातोडीखाली चांदी कठीणही होते.

सवयीने मी ते उलटे केले. पर्णिकांच्या मागच्या पोकळ्या पुसून गुळगुळीत केलेल्या होत्या, आणि प्रत्येक पर्णिकेच्या कडेने बारीक टिंबांच्या दोन ओळी कोरलेल्या होत्या. नेच्याला फूल नसते, बी नसते. त्याचे बीजाणू पानाच्या खालच्या अंगाला अशाच ठिपक्यांच्या पुंजांत वाढतात. हातात घातल्यावर कोणाला दिसणारही नाही अशा जागी कारागिराने ते दाखवले होते. मी पेढीवरच्या काकांना विचारले, तर ते म्हणाले, “मॅडम, आम्ही काही सांगितलं नव्हतं. कारागीर हुपरीचा आहे, त्यानं आपल्या मनानं केलंय.” कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी पैंजणांसाठी आणि चांदीच्या कामासाठी सर्वदूर ओळखली जाते, पण असे काम मी तिथल्या मालात याआधी पाहिले नव्हते. त्या टिंबांवर माझा निर्णय झाला.

मग टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, पाहिला. कड्यावर 925 चा शिक्का होता, म्हणजे हजार भागांत 925 भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की अशा कड्याचे तोंड महिन्याभरात फाकेल, म्हणून ही भेसळ आवश्यकच आहे. चांदीसाठी हॉलमार्क सोन्यासारखा सक्तीचा नाही, ऐच्छिक आहे, पण 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कलाही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा सहा अक्षर-अंकी क्रमांक, मिळू लागला आहे आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. आमच्या कड्यावर तो होता. नुसता 925 चा ठसा कोणीही मारू शकतो, तेव्हा ग्राहकाने हा क्रमांक मागावा. काही दुकानदार चुंबक लावून दाखवतात, त्यावर विसंबू नये, कारण चुंबकाला चांदी चिकटत नाही तसे पितळ आणि तांबेही चिकटत नाही.

किंमत लिहीत नाही, कारण भाव रोज बदलतो. हिशेब मात्र सांगते. त्या दिवशीच्या भावाने बेचाळीस ग्रॅम चांदी, तिच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी घडणावळ, आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी. घडणावळ ऐकून मी क्षणभर थबकले, पण ठशाच्या पट्टीशी या कामाची तुलना करणे कारागिरावर अन्याय ठरेल. मोड घातली तर फक्त चांदीची किंमत मिळेल, घडणावळ परत येणार नाही, हे काकांनी आपण होऊन सांगितले आणि पावतीवर वजन, टंच व घडणावळ वेगवेगळी लिहून दिली.

माप घेण्याची त्यांची पद्धतही चांगली होती. मनगटाच्या हाडाच्या किंचित वर दोरा गुंडाळून त्यांनी साडेपंधरा सेंटिमीटर माप काढले आणि कड्याचा आतला घेर तेरा व तोंडाची फट पावणेतीन सेंटिमीटर असल्याचे मोजून दाखवले. फट याहून मोठी असती तर कडे निसटले असते. घालताना तोंड फाकवायचे नाही. मनगट बाजूवर वळवून त्याची अरुंद बाजू फटीतून आत सरकवायची आणि मग कडे फिरवायचे. रोज फाकवून दाबले की चांदी त्या वळणावर कठीण होत जाते आणि एक दिवस पाठीमागे तडा जातो.

दोष दोन आढळले. सैल गुंडाळीचे टोक लोकरीच्या स्वेटरमध्ये अडकू लागले आणि पहिल्याच थंडीत एक धागा ओढला गेला. पेढीने कडे परत घेतले, कारागिराने टोक घासून गोल केले आणि गुंडाळीच्या आतल्या वेढ्याला लावून दाबले. पैसे घेतले नाहीत, पण यात बारा दिवस गेले. असे टोक विकण्यापूर्वीच तपासायला हवे होते. दुसरे म्हणजे, पर्णिका उठून दिसाव्यात म्हणून खाचांमध्ये गंधकाच्या द्रावणाने आणलेला काळेपणा, घर्षण होते त्या खालच्या बाजूला फिका पडला आहे. अशा कड्याला टूथपेस्ट किंवा चांदी उजळण्याचे द्रावण अजिबात लावू नये, कारण खाचांतला काळेपणा निघून गेला तर पान सपाट दिसू लागते. आम्ही रिठ्याच्या कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने फक्त उंचवटे पुसतो, आणि कडे बंद पिशवीत ठेवतो. त्या पिशवीला रबरबँड लावत नाही, कारण रबरात गंधक असते आणि त्यानेही चांदी काळवंडते.

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीसाठी कंदीलपुष्पाचे कडे करून मिळेल का, हे विचारायला मी पुन्हा त्या पेढीत गेले. कास पठारावर आणि सह्याद्रीत इतरत्र फुलणाऱ्या या फुलाची लांब नळी मला कड्यावर उभी हवी होती. काकांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि नाही म्हणाले. “नळी पोकळ केली तर टेबलावर हात टेकताच चेपेल, आणि भरीव केली तर कडं एका बाजूला कलेल,” असे ते म्हणाले. त्याऐवजी वेढे घेत चढणारा वेल आणि त्याला आडवे टेकलेले एकच फूल, असे रेखाटन त्यांनी कागदावर काढून दिले, आणि मी त्यावर पस्तीस ग्रॅमची मागणी नोंदवून आले.