विज्ञान दिनाची कार्यशाळा : मोटर विशेष प्रावीण्यासह, मेणबत्ती काठावर पास

रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागला, म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. पण मुलांच्या वाट्याला त्या दिवशी बहुधा भाषणे आणि रांगोळी स्पर्धाच येतात. आमच्या भागातील एका महाविद्यालयाचे पदवीचे विद्यार्थी मात्र त्या सुमारास पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी प्रयोगांची विनामूल्य कार्यशाळा घेतात. यंदा भाचीच्या निमित्ताने ती पूर्ण वेळ पाहता आली.

सर्वांत उत्तम जमले ते साध्या विद्युत मोटरचे टेबल. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रातून अरविंद गुप्ता यांनी ज्या प्रकारची खेळणी घराघरांत पोहोचवली, त्यांपैकीच ही एक. टॉर्चचा एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बसवलेल्या दोन सेफ्टी पिना, वर चिकटवलेले चकतीचे चुंबक आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार, एवढ्यावर काम भागते. तारेचे वेटोळे करून तिची दोन टोके पिनांच्या छिद्रांतून ओवायची. खरी गोम पुढे आहे. तारेवर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणारा, थर असतो. तो एका टोकाचा पूर्ण खरवडायचा, पण दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूचा. भाचीने उत्साहाच्या भरात दोन्ही टोके पॉलिश पेपरने लख्ख केली आणि वेटोळे जागच्या जागी थरथरत राहिले. टेबलावरच्या ताईने तारेला हात लावला नाही. "प्रवाह सतत चालू राहिला, तर चुंबक त्याला अर्ध्या फेरीनंतर कुठे ढकलेल?" एवढेच तिने विचारले आणि ती शेजारच्या मुलाकडे वळली. बराच वेळ वेटोळे बोटाने फिरवून पाहिल्यावर भाचीला उमगले, की निम्म्या फेरीत प्रवाह तुटायलाच हवा, नाहीतर पुढे गेलेले वेटोळे पुन्हा मागे खेचले जाते. तिने नवी तार मागून घेतली. ताईने उत्तर सांगून टाकले असते, तर मोटर पाच मिनिटे आधी फिरली असती, पण ती भाचीची राहिली नसती.

हळदीचे टेबलही चांगले होते. हळदीच्या ओल्या लेपाने रंगवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने चित्र काढले की लाल रेषा उमटतात आणि लिंबू पिळले की त्या पुन्हा पिवळ्या होतात. आम्ल, आम्लारी आणि दर्शक हे शब्द मुलांना नंतर सांगितले गेले, आणि तोच क्रम योग्य आहे. खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी मात्र दादांनीच पेटवला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यात प्रयोग असा काहीच नव्हता.

मोठी तक्रार मेणबत्तीबद्दल आहे. ताटलीतील पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर पेला पालथा घातला की ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली," असे स्पष्टीकरण ठामपणे दिले गेले. ते अनेक पुस्तकांत असले तरी चूक आहे. मेण जळताना ऑक्सिजन वापरला जातो तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्याच्या आधीच ज्योत विझते. ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापून पसरते, काही कडेने बुडबुड्यांच्या रूपाने निसटते, आणि उरलेली थंड होऊन आकसली की बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच पाणी खरे झपाट्याने चढते ते ज्योत विझल्यानंतर. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर ते आणखी वर येते, पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच असूनही. ही तुलना मुलांकडूनच करून घेता आली असती, कारण मेणबत्त्यांचा अख्खा पुडा टेबलावरच पडला होता. शेवटी एका मुलीने "मग पाणी उशिरा का चढलं?" असे विचारलेही, पण वेळ संपल्याचे सांगून तिला पुढे पाठवले गेले. आयोजकांनी टेबल सांभाळणाऱ्यांची आदल्या दिवशी प्राध्यापकांसमोर एक रंगीत तालीम घेतली, तर असे प्रसंग टळतील.

व्यवस्था नेटकी होती. एका टेबलाशी मोजकीच मुले होती, बोलणे सरळ मराठीत चालले होते, आणि मोटर घरी नेता आली. तार खरवडायला ब्लेड न देता पॉलिश पेपर दिला, हे विशेष आवडले. नोंदणी लवकर भरते, तेव्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच शाळेत चौकशी करावी. लहान भावंडांना सोबत नेणे टाळावे, कारण त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेला कागदकामाचा कोपरा नावापुरताच होता.