०.२२ मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर : ध्रुवीय बहराच्या पाण्यावरील दोन हंगामांचा अनुभव

समुद्राच्या पाण्यातील जीवाणूंचा डीएनए आणि आरएनए गोळा करण्यासाठी वापरला जाणारा, पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंद नळकांड्यात बसवलेला ०.२२ मायक्रॉन छिद्रांचा फिल्टर हा या परीक्षणाचा विषय आहे. आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन या नॉर्वेच्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॉन्ग्सफियॉर्डेन या फियॉर्डमध्ये (जमिनीत खोल शिरलेल्या अरुंद खाडीत), जिथे नी-ऑलेसुंड येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, तेथील पाणी मी सलग दोन वसंतांत मार्चअखेरीपासून जूनपर्यंत या फिल्टरमधून गाळले. अशा बनावटीचे कार्ट्रिज एकाहून अधिक कंपन्या तयार करतात. माझ्याकडील उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष या बनावटीतच आहेत आणि कोणत्याही कंपनीचा कार्ट्रिज घेतला तरी ते वाट्याला येतीलच.

प्रथम त्याची मोठी सोय सांगतो. नेहमीच्या ४७ मिलिमीटरच्या चपट्या चकतीवर पाणी गाळल्यावर ती चिमट्याने उचलावी लागते, दुमडावी लागते आणि छोट्या कुपीत भरावी लागते; हातमोजे घातलेल्या आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ही कामे करताना चकती फाटते, खाली पडते किंवा तिला भलताच जीवाणू चिकटतो. कार्ट्रिजमध्ये गाळणपटल आतच राहते. एका तोंडाला पेरिस्टाल्टिक पंपाची (नळी दाबत पाणी पुढे ढकलणाऱ्या पंपाची) नळी जोडायची, दुसऱ्या तोंडातून गाळलेले पाणी मोजपात्रात सोडायचे, काम झाल्यावर आतील उरलेले पाणी हवेने बाहेर ढकलायचे, दोन्ही तोंडे बंद करायची आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचे. पुढे प्रयोगशाळेत पेशी फोडण्याचे द्रावणही त्याच नळकांड्यात भरता येते, त्यामुळे नमुना एकदाही उघड्यावर येत नाही. लहान बोटीवर काम करणाऱ्याला या एका गुणासाठी तरी हा फिल्टर घ्यावासा वाटेल.

मार्चच्या शेवटी, बहर म्हणजे सूक्ष्म शैवालांची वसंतातील झपाट्याची वाढ सुरू होण्यापूर्वी, त्याची कामगिरी उत्तम होती. त्या वेळी पाण्यात हरितद्रव्य जवळजवळ नसते आणि जीवाणूंची संख्या दर मिलिलिटरला काही लाख इतकीच असते. चार लिटर पाणी कोणताही त्रास न देता गाळून होत असे. मात्र शून्य अंशाच्या आसपासचे समुद्राचे पाणी २० अंशांवरील पाण्यापेक्षा सुमारे पावणेदोन पट चिकट असते, त्यामुळे उबदार समुद्रावर काम केलेल्यांनी आपल्या सवयीचा वेग येथे धरू नये. पाणी गरम करून वेग वाढवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. थंडीला जुळवून घेतलेले जीवाणू तापमानातील बदलाला लगेच प्रतिसाद देतात आणि आपण समुद्राचा नव्हे तर बादलीचा आरएनए मोजत बसतो.

या फिल्टरची खरी परीक्षा एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होते. सूर्य मावळणे थांबते, पृष्ठभागाजवळचे पाणी स्थिरावते, हिवाळ्यात खालून वर आलेले नायट्रेट आणि सिलिकेट उपलब्ध असते आणि थॅलासिओसिरा, कीटोसेरॉस, फ्रॅजिलारिऑप्सिस यांसारख्या डायटमांच्या (सिलिकाचे कवच असलेल्या एकपेशीय शैवालांच्या) साखळ्या झपाट्याने वाढतात. त्यांच्या बरोबरीने किंवा मागोमाग फिओसिस्टिस पुशेटी हे शैवाल येते, ज्याच्या अवघ्या काही मायक्रॉनच्या पेशी शर्करायुक्त चिकट द्रव्यात एकत्र राहून डोळ्यांना दिसतील एवढ्या वसाहती बांधतात. या चिकट द्रव्यापुढे कार्ट्रिजचे काही चालत नाही. सुमारे १० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचे पटल मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अर्ध्या लिटरलाच तुंबले, नळी जोडाच्या जागी फुगून निसटली आणि नमुना बोटीच्या तळावर सांडला. त्या दिवशीचे पाणी पुन्हा मिळणार नव्हते, याची हळहळ मला अजून आहे.

पण तुंबण्याने होणाऱ्या गैरसोयीपेक्षा त्याने नमुन्यात होणारा बदल अधिक गंभीर आहे आणि वेष्टनावरील माहितीत त्याचा उल्लेख नसतो. ०.२२ हा आकडा स्वच्छ पटलाचा आहे. समुद्रात विपुल असलेल्या एसएआर-११ गटातील, प्रयोगशाळेत वाढवल्या गेलेल्या पेलाजिबॅक्टर युबिक या जीवाणूची पेशी इतकी सडपातळ असते की तिचा व्यास ०.१२ ते ०.२० मायक्रॉनच भरतो. अशी पेशी उभ्या दिशेने छिद्रासमोर आली तर पार निघून जाऊ शकते. तेच पटल शैवालाच्या चिकट द्रव्याने माखले की त्याची छिद्रे प्रत्यक्षात लहान होतात आणि मग या पेशी तर अडकतातच, शिवाय एरवी सहज निसटणारे विषाणू आणि पाण्यात विरघळलेला सुटा डीएनएही अडकू लागतो. म्हणजे मार्चमध्ये आणि मे महिन्यात आपण एकाच खोक्यातील फिल्टर वापरले, तरी ते दोन वेगळे फिल्टर असतात. बहरात जीवाणूंच्या समुदायात कोणता बदल झाला हे शोधणाऱ्याने, त्या बदलाचा किती भाग समुद्राचा आणि किती भाग गाळणीचा हे आधी तपासले पाहिजे.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे आधी ३ मायक्रॉनच्या चकतीतून पाणी गाळून घेणे. त्याने कार्ट्रिज वाचतो हे खरे आहे. माझ्याकडे अर्ध्या लिटरऐवजी पावणेदोन लिटरपर्यंत पाणी जाऊ लागले. तथापि ती पहिली चकती टाकून देणे मला अक्षम्य वाटते. बहरातील जीवाणूंचे सर्वांत रोचक जीवन शैवालाच्या पेशीभोवतीच्या पातळ थरात आणि मरून चिकटलेल्या डायटमांच्या कणांवर चालते. डायटम आपली साठवणीची शर्करा लॅमिनारिनच्या जातीच्या बहुशर्करांच्या रूपात ठेवतात आणि पेशी फुटली किंवा चरली गेली की ती पाण्यात येते. पोलारिबॅक्टर, ज्या वंशाचे वर्णन १९९८ मध्ये ध्रुवीय समुद्रातील जीवाणूंवरून प्रथम झाले, त्याच्यासारखे फ्लेवोबॅक्टेरिया गटातील जीवाणू अशा मोठ्या रेणूंचे तुकडे करणारी विकरे बाळगतात आणि बहर ओसरू लागला की संख्येने वर येतात. यांतील बरेच जीवाणू कणांना चिकटलेले असतात, म्हणजेच ३ मायक्रॉनच्या चकतीवर. शिवाय डायटमांना जीवनसत्त्व ब-१२ स्वतः बनवता येत नाही आणि ज्या डायटमांना त्याची गरज असते ते जीवाणूंवर अवलंबून राहतात. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंडमध्ये या देवाणघेवाणीचा अभ्यास झालेला आहे. अशा जवळिकीतले भागीदार पहिल्याच चकतीवर राहतात, आणि ती फेकून दिल्यास कार्ट्रिजमध्ये फक्त मोकळे पोहणारे जीवाणू उरतात. त्यामुळे दुसऱ्या हंगामात मी दोन्ही गाळण्या एकाच नमुन्याचे दोन भाग म्हणून जपल्या आणि दोन्हींचा डीएनए वेगवेगळा काढला.

दुसरा बदल मी वेळेबाबत केला. ठरलेले पाणी पूर्ण होईपर्यंत पंप चालवण्याऐवजी १५ मिनिटे ही मर्यादा घातली आणि तेवढ्यात गेलेले पाणी मिलिलिटरमध्ये नोंदले. जीवाणूंचा संदेशवाहक आरएनए काही मिनिटांतच विघटित होऊ लागतो, त्यामुळे आरएनएच्या नमुन्यासाठी कमी पाणी हे उशिरापेक्षा केव्हाही चांगले. १९८६ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील वसंतातील बहरावरून पॉमेरॉय आणि डायबेल या संशोधकांनी असे मांडले होते की अतिथंड पाण्यात जीवाणूंची क्रिया मंदावते आणि शैवालाने तयार केलेले अन्न मोठ्या प्राण्यांसाठी अधिक उरते. पुढे अन्नद्रव्य पुरेसे असल्यास थंडीतही जीवाणू चांगले वाढतात असे दाखवणारी मोजमापे झाली आणि हा वाद बराच काळ चालला. अशा प्रश्नात नमुना तासभर पंपावर रेंगाळला असेल तर त्यातून निघणाऱ्या उत्तराला काय किंमत द्यायची?

काही किरकोळ गोष्टी. जून महिन्यात क्रोनेब्रीन हिमनदीच्या मुखाकडून येणारे गढूळ पाणी शैवाल नसतानाही कार्ट्रिज तुंबवते आणि त्यावर पूर्वगाळणीचाही फारसा उपयोग होत नाही, कारण खडकाचा तो पिठासारखा गाळ ३ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो. तोंडे बंद करण्याची पॉलिप्रोपिलीनची टोपणे गोठवल्यावर ठिसूळ होतात. एका खेपेत उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून काढलेल्या नळकांड्यांपैकी तिघांची टोपणे तडकलेली निघाली, म्हणून आता प्रत्येक कार्ट्रिज स्वतंत्र निर्जंतुक पिशवीत ठेवतो. बहरापूर्वीच्या पाण्यात पेशी कमी असल्याने रसायनांतून येणारा परका डीएनए निकालात ठळक दिसतो. दर खोक्यातील एक कार्ट्रिज केवळ शुद्ध पाणी गाळून कोरा नमुना म्हणून राखावा. चपट्या चकतीच्या तुलनेत हा फिल्टर कित्येक पट महाग आहे आणि एकदाच वापरता येतो, त्यामुळे हंगामाअखेरीस परत न्यायच्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा ढीग पाहून मन खट्टू होते.

पाच पैकी मी या फिल्टरला बहरापूर्वीच्या पाण्यासाठी पाच आणि बहराच्या ऐन भरातील पाण्यासाठी तीन गुण देईन. डीएनए आणि आरएनएचे नमुने दूरच्या केंद्रातून सुखरूप न्यायचे असतील तर तो घ्यावाच, मात्र जितके कार्ट्रिज तितक्याच ३ मायक्रॉनच्या चकत्या आणि मे महिन्यासाठी हिशेबाच्या दुप्पट साठा मागवावा. ज्यांना केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या आहेत, त्यांच्यासाठी तो गैरलागू आहे. त्या कामाला काळी पॉलिकार्बोनेटची चकतीच हवी.