ब्लेंडरवर एका छोट्या फिल्मचे व्हीएफएक्स: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग तपशील. थ्रीडी ॲनिमेशन, कॅमेरा ट्रॅकिंग (फुटेजवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधणं) आणि रेंडर (थ्रीडीतून अंतिम चित्र काढणं) यांसाठी छोट्या टीमने ब्लेंडर हे मोफत थ्रीडी सॉफ्टवेअर सोडून दुसरीकडे बघायची गरज नाही. कंपोझिटिंगचं, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकत्र जोडण्याचं, उत्तर मात्र अर्धं ‘हो’ आहे. स्वतः रेंडर केलेले पास (सावली, प्रतिबिंब असे वेगवेगळे थर) एकमेकांवर रचायचे असतील तर त्याचा कंपोझिटर चोख आहे. पण कॅमेऱ्याने टिपलेल्या माणसाला पार्श्वभूमीतून सोडवायचं असेल, केसांची कड वाचवायची असेल, एखादी वायर पुसायची असेल, तर तो लवकर दमतो आणि आपल्यालाही दमवतो.

काम थोडक्यात असं. कमी बजेटची, स्वतंत्रपणे केलेली फिल्म. व्हीएफएक्सच्या बाजूला दोनच माणसं, त्यातली एक मी. मोठे प्रसंग दोन: हळूहळू पाण्याने भरत जाणारा लांबलचक कॉरिडॉर, आणि एक यांत्रिक पक्षी, जो उडत येऊन मुलीच्या तळहातावर बसतो. शिवाय नेहमीची हमाली. फ्रेममध्ये डोकावणारा माइक पुसा, मोबाइलच्या कोऱ्या स्क्रीनवर मेसेज चिकटवा, खिडकीबाहेरचं आकाश बदला. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही (दिसलं तर काम फसलं म्हणायचं), पण वेळ सगळ्यात जास्त तिथेच जातो.

ट्रॅकिंगपासून सुरुवात करते, कारण ब्लेंडर मला आवडलं ते इथेच. हे सॉफ्टवेअर १९९४ पासूनचं. २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड खुला करून घेतला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कॅमेरा ट्रॅकर मात्र २०११ मध्ये २.६१ आवृत्तीत आला, आणि पुढच्याच वर्षी ब्लेंडरवाल्यांनी ‘टीअर्स ऑफ स्टील’ ही शॉर्ट फिल्म केली, तीच मुळी व्हीएफएक्सची साधनं प्रत्यक्ष शूटवर तपासून सुधारण्यासाठी. वापरताना ते जाणवतं. बटणं योग्य क्रमाने हाताशी येतात, खराब ट्रॅक लगेच सापडतात, एखाद्या मार्करचं (ट्रॅकर ज्याचा पाठलाग करतो त्या बिंदूचं) वजन फ्रेमगणिक कमी-जास्त करता येतं.

सॉल्व्ह एरर (ट्रॅकरने काढलेल्या कॅमेऱ्यातली सरासरी चूक) १ पिक्सेलच्या खाली आली की लोक खूश होतात. त्या आकड्यावर भुलू नका. ट्रॅकरला दोन कीफ्रेममध्ये (निवडलेल्या फ्रेममध्ये) किमान ८ सामाईक मार्कर लागतात. ते सगळे लांबच्या भिंतीवर असले तरी आकडा देखणा येतो, आणि जवळच्या जमिनीवर ठेवलेला ठोकळा मात्र घरंगळत राहतो. जवळचे, मधले, दूरचे असे बिंदू मिसळून हवेत. आमच्या कॉरिडॉरची फरशी चकचकीत होती. तिच्यातलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब म्हणजे ट्रॅकरच्या दृष्टीने झकास, ठसठशीत ठिपका. पण प्रतिबिंब फरशीला चिकटलेलं नसतं, कॅमेरा सरकला की तेही सरकतं. असे मार्कर पहिल्या झटक्यात उडवायचे. तीच गत दरवाजाची चौकट आणि तिच्यामागची भिंत यांच्या कडा जिथे एकमेकींना छेदताना दिसतात तिथली. पडद्यावर तो कोपरा आहे, खोलीत तो अस्तित्वातच नाही. एवढी साफसफाई केली की हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा शॉटही घट्ट बसतो.

लेन्सच्या वाकण्याचं प्रकरण थोडं किचकट आहे. प्लेट (शूट केलेलं फुटेज) सरळ करून त्यावर काम उरकणं सोपं, पण त्यात मूळ चित्राची धार जाते. प्लेटला हात न लावता सीजीलाच (संगणकावर बनवलेल्या चित्राला) लेन्सइतकं वाकवायचं, हा खरा मार्ग. त्यासाठी फ्रेमच्या बाहेरचा थोडा भाग जास्तीचा रेंडर करावा लागतो, आणि सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात) त्यासाठी एका क्लिकची सोय नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर आणि रेझोल्यूशन एकाच प्रमाणात वाढवायचं. १९२० बाय १०८० चं २११२ बाय ११८८, सेन्सर ३६ मिमीचा ३९.६, फोकल लेन्थ तीच. मग कंपोझिटरमध्ये मूव्ही डिस्टॉर्शन नोड (नोड म्हणजे एकेक काम करणारा, एकमेकांना जोडायचा ठोकळा) लावून जास्तीचं कापायचं.

आता पक्षी. ॲनिमेशनची साधनं उत्तम आहेत, त्यावर फार बोलत नाही; ग्राफ एडिटरवर हात बसला की बसला. पण एक गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही. लहान पक्षी सेकंदाला दहा-पंधरा वेळा पंख मारतो. फिल्म २४ फ्रेमची. म्हणजे सेकंदाला १२ फडफडी ठेवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला दोनच फ्रेम येतात, एक पंख वर, एक पंख खाली. पडद्यावर ते उडणं वाटत नाही, चित्र लुकलुकल्यासारखं वाटतं. आम्ही वेग सेकंदाला ६ फडफडींवर आणला, म्हणजे एका फडफडीला ४ फ्रेम, आणि उरलेलं काम मोशन ब्लरवर सोपवलं. शटर ०.५, म्हणजे फ्रेमचा अर्धा वेळ उघडं, छायाचित्रकाराच्या भाषेत १८० अंश. शूटिंगही १/४८ सेकंदावर झालेलं असल्यामुळे सीजी आणि प्लेट यांची धूसरता तंतोतंत जुळली. छायाचित्रकाराने शटर वेगळं ठेवलं असेल तर तो आकडा सेटवरच लिहून घ्या, नंतर अंदाजाने जुळवत बसणं फार छळतं.

पक्षी हातावर बसतो त्या क्षणी हात किंचित खाली गेला पाहिजे. सेटवर मुलीच्या तळहातावर छोटं वजन अलगद ठेवलं होतं, त्यामुळे तो झोल खरा मिळाला. पण वजनाबरोबर ते ठेवणारी बोटंही आली, ती पुसणं आलं! ब्लेंडरमध्ये आम्ही तळहाताचा ढोबळ थ्रीडी आकार बनवून तो हाताच्या हालचालीला फ्रेमगणिक जुळवला आणि शॅडो कॅचर (स्वतः न दिसता फक्त सावली झेलणारा) केला. त्यावर पक्ष्याची सावली, त्याच्या पायांजवळचा काळोख, पितळी पोटाचा हलका पिवळा उजेड हे सगळं आलं. हा भाग ब्लेंडरने फार सुंदर दिला. ३.० पासून सायकल्समध्ये शॅडो कॅचर नव्याने लिहिला गेला आहे. त्या आधीच्या आवृत्तीवर अजूनही अडकला असाल तर एवढ्यासाठी तरी अपडेट करा.

पक्ष्यासमोर येणाऱ्या दोन बोटांचा रोटो (फ्रेमगणिक हाताने कड आखणं) मात्र कंटाळवाणा झाला. मास्क (ती आखलेली कड) मूव्ही क्लिप एडिटरमध्ये काढायचा. त्याचे बिंदू ट्रॅकला जोडता येतात, फेदरही (कडेचा मऊपणा) प्रत्येक बिंदूला वेगळा देता येतो, मास्क नोडमध्ये मोशन ब्लर आहे. कागदावर सगळं आहे. पण गुंतागुंतीच्या आकाराचे दहा-बारा मास्क झाले की तो एडिटर संथ आणि चिवट वाटायला लागतो. ज्याला दिवसभर रोटोच करायचा आहे त्याने हे साधन निवडू नये. पेंटचं तर विचारूच नका. बोटं पुसायला फुटेजवर फ्रेमगणिक क्लोन ब्रश लागतो आणि कंपोझिटरमध्ये तो नाही. ते शॉट आम्ही फ्यूजन या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नेले. २०१८ पासून ते रिझॉल्व्ह या एडिटिंग आणि ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरच्या आतच मिळतं आणि त्यात प्लॅनर ट्रॅकर (सपाट पृष्ठभागाचा पाठलाग करणारा) आणि पेंट दोन्ही आहेत. मोफत आणि खुलं सॉफ्टवेअरच हवं असा आग्रह असेल तर नॅट्रॉनचा रोटोपेंट नोडही या कामी येतो.

ग्रीन स्क्रीनबद्दल ब्लेंडरला सगळा दोष देणं अन्यायाचं होईल. कीइंग नोड (हिरवा रंग काढून माणूस सोडवणारा) बरा आहे, त्याला गार्बेज मॅट (काय नक्की टाकायचं) आणि कोअर मॅट (काय नक्की ठेवायचं) जोडता येतात, डिस्पिलही (माणसावर पडलेली हिरवी छटा काढणं) आत आहे. पण आमचं काही फुटेज ४:२:० मध्ये आलं होतं. त्यात चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून रंगाची एकच नोंद असते. उजेडाची माहिती पूर्ण, रंगाची पाव. की काढायची रंगावरून, मग केसांच्या कडेला पायऱ्या दिसणार नाहीत तर काय? अशा वेळी एकाच कीमध्ये सगळं साधायचा हट्ट सोडायचा. शरीरासाठी कडक की, केसांसाठी वेगळी सैल की, आणि दोन्ही मास्कने जोडायच्या. कॅमेरा ४:२:२ आणि १० बिट देत असेल तर कॅमेरा टीमशी भांडून तेच घ्या.

सगळ्यात जास्त वाद आमच्याकडे झाले ते रंगावरून. ४.० आवृत्तीपासून ब्लेंडरचा मूळ व्ह्यू ट्रान्सफॉर्म (चित्राचा उजेड पडद्यासाठी बदलणारी रीत) एजीएक्स आहे. निव्वळ सीजीसाठी तो देखणा आहे, झगमगीत उजेड नैसर्गिकपणे विरतो. पण आधीच रंगवून आलेलं रेक. ७०९ (एचडी टीव्हीच्या रंगमानकातलं) फुटेज त्यातून गेलं की फिकं पडतं, कारण एकदा दाबलेला कॉन्ट्रास्ट पुन्हा दाबला जातो. पहिल्यांदा बघणाऱ्या दिग्दर्शकाला वाटतं, आपण शॉटची वाट लावली. स्टँडर्ड या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मवर टाकलं की प्लेट जशीच्या तशी दिसते, पण मग सीजीतला उजेड पांढराफटक कापला जातो. यातून सुटायचा रस्ता एकच, ग्रेडिंग (रंगांवरचा अंतिम संस्कार) सगळ्यात शेवटी ठेवणं. लॉगमध्ये (फिकं दिसणाऱ्या पण उजेडाची जास्त माहिती ठेवणाऱ्या रीतीत) शूट करा, ते नीट रूपांतर करून लिनिअर ईएक्सआर (उजेडाचे आकडे जसेच्या तसे ठेवणारी फाइल) करा, त्यावर काम करा आणि लिनिअर ईएक्सआरच परत द्या. ईएक्सआर सेव्ह होताना व्ह्यू ट्रान्सफॉर्म आत भाजला जात नाही, त्यामुळे तुमच्या मॉनिटरवर काय निवडलंय याने फरक पडत नाही. मोबाइलच्या स्क्रीनचे सगळे शॉट प्लेन ट्रॅक डिफॉर्मने (सपाट पृष्ठभागावर चित्र चिकटवणाऱ्या नोडने) याच पद्धतीने झाले, कुठेही रंग हलला नाही.

याची किंमत डिस्कवर मोजावी लागते. ४के ची चार चॅनेलची १६ बिट फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय सुमारे ६६ एमबी होते, म्हणजे एका सेकंदाचे दीड जीबीहून जास्त. पास वेगळे काढले की त्याच्या पटीत. आम्ही व्हीएफएक्सचे शॉट एचडीत उरकले, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. क्रिप्टोमॅट (प्रत्येक वस्तूचा आपोआप मास्क देणारा पास) मात्र ३२ बिटमध्ये आणि माहिती न गमावणाऱ्या कॉम्प्रेशनमध्येच ठेवा, नाहीतर मॅटमध्ये किडे पडतात. क्रिप्टोमॅटचं कौतुक करावं तेवढं थोडं. दिग्दर्शकाने ‘फक्त चोच जरा काळपट’ म्हटलं की पुन्हा रेंडर नाही. चोचीवर क्लिक, झालं. मोशन ब्लर असूनही कड स्वच्छ मिळते.

डीनॉइझरबद्दल (रेंडरमधले दाणे पुसणाऱ्या साधनाबद्दल) एक सावधगिरी. ओपन इमेज डीनॉइझ प्रत्येक फ्रेम सुटी साफ करतं. स्थिर चित्रात जादू वाटते, पण कमी सॅम्पलवर (पिक्सेलगणिक कमी किरण मोजले की) पाण्याच्या पृष्ठभागावर ते सरळ सरळ खदखद दाखवतं. कॉरिडॉरच्या पाण्याला आम्ही सॅम्पल वाढवले आणि डीनॉइझ फक्त भिंतींवरच्या परावर्तित उजेडाला लावलं. वरून प्लेटइतका ग्रेन (फुटेजचा दाणेदारपणा) घातला की उरलेला फरक बुजतो.

वेगाची तक्रार आता पूर्वीइतकी उरलेली नाही. ३.५ मध्ये व्ह्यूपोर्टमध्येच कंपोझिट दिसू लागलं, ४.२ पासून अंतिम कंपोझिटही जीपीयूवर चालतं. तरी लांबलेल्या नोड ट्रीत मधल्या एखाद्या नोडचा निकाल गोठवून पुढे जायची नीट सोय नाही, त्यामुळे आम्ही टप्प्याटप्प्यावर ईएक्सआर काढून पुढची फाइल त्यावरून सुरू करत गेलो.

पुढच्या फिल्मसाठी मी ब्लेंडरच घेणार, पण शॉटची यादी हातात आली की पहिल्याच दिवशी दोन ढीग करणार. ज्यात सीजी जास्त ते ब्लेंडरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ज्यात माणूस, केस, वायर, पुसापुशी जास्त ते फ्यूजनकडे, आणि ब्लेंडरकडून त्यांना फक्त ट्रॅक केलेला कॅमेरा आणि लागतील तेवढे पास.