रॅकेट घ्या हलकी, मूठ घ्या बारीक

दुकानात बॅडमिंटनची रॅकेट निवडताना बहुतेकांची नजर फ्रेमच्या रंगावर आणि कंपनीच्या नावावर असते. मुठीचं माप विचारणारा क्वचितच भेटतो. कोकणात ही चूक जास्त महागात पडते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या दमट हवेत, पत्र्याच्या छपराखालच्या हॉलमध्ये, तळहात लवकर ओला होतो आणि मूठ हाताला जुळलेली नसेल तर भारीतली रॅकेटसुद्धा ऐन स्मॅशच्या वेळी हातात फिरते.

मुठीच्या वरच्या शंकूवर ‘४यू जी५’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘यू’ म्हणजे वजन: योनेक्स कंपनीच्या मापात ३यू ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४ आणि ५यू ७५ ते ७९ ग्रॅम. ‘जी’ म्हणजे मुठीचा घेर. इथे बरेच जण फसतात, कारण योनेक्समध्ये आकडा वाढला की मूठ बारीक होते. जी४ जाड, जी५ त्याहून बारीक. इतर कंपन्यांची मापं वेगळ्या अक्षरांनी आणि आकड्यांनी लिहिलेली असतात. त्यामुळे कंपनी बदलली की आकड्यावर विसंबू नका, मूठ हातात धरून बघा.

तपासायचं कसं? समोरच्या माणसाशी हस्तांदोलन करावं तशी रॅकेट सैल धरा. बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट जेमतेम मावलं पाहिजे. बोट मावतच नसेल तर मूठ बारीक आहे. खूप जागा उरत असेल तर जाड. जाड मुठीवर बोटं आवळायला वाव राहत नाही. बॅडमिंटनमधला झटका फूल (शटलकॉक) लागण्याच्या क्षणी बोटं आवळण्यातून येतो. तो गेला की सगळा भार खांद्यावर पडतो आणि बॅकहँडचं फूल अर्ध्या कोर्टातच पडतं. फार बारीक मूठ धरून ठेवण्यासाठी हात सतत आवळलेला राहतो, दंडाखालचा स्नायू दमतो आणि पुढे कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. दोन मापांमध्ये अडलात तर बारीक घ्या. थर चढवून मूठ जाड करता येते, लाकूड तासून बारीक करणं परवडत नाही.

आता रॅकेटींबद्दल. योनेक्सची जीआर ३०३ कोकणात जवळजवळ प्रत्येक क्रीडासाहित्याच्या दुकानात असते. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, स्टीलचा दांडा. मे महिन्यात खळ्यात प्लास्टिकच्या फुलाने खेळायला ती पुरेशी आहे, पोरांनी आपटली तरी सहज मोडत नाही. हॉलमध्ये रोज खेळणार असाल तर मात्र तिथे थांबू नका. हिचं वजन मनगटाला जाणवतं, आणि खाऱ्या वाऱ्यात स्टीलवर ओरखडा पडला की गंज धरतो. तिच्यापेक्षा पुढची पायरी म्हणून नॅनोरे लाइट १८आय ही आमची पसंती: पूर्ण ग्रॅफाइट, ५यू, साधारण ७७ ग्रॅम. डबल्समध्ये जाळ्याजवळ ती झटकन फिरते. स्मॅशला वजन कमी पडतं, हे खरंच. अ‍ॅस्ट्रॉक्स ९९सारखी डोक्याकडे जड आणि ताठ दांड्याची रॅकेट नवशिक्याने घेऊ नये. तिला वेगवान हात लागतो. तो नसेल तर फूल मागच्या रेषेपर्यंत जात नाही आणि खांदा भरून येतो.

कंपनीतून गटिंग होऊन, म्हणजे तारा ओढून, आलेल्या स्वस्त रॅकेटीच्या तारा बहुधा ढिल्या असतात. बीजी६५ ही ०.७० मिलिमीटरची तार टिकाऊ आहे, नवशिक्याने २० ते २२ पौंडांच्या ताणावर ओढून घ्यावी. रॅकेटीवर ३० पौंड लिहिलेलं असलं तरी ती कमाल मर्यादा आहे, सल्ला नव्हे. तार तुटली तर आधी मधल्या आणि मग कडेच्या अशा क्रमाने बाकीच्या सगळ्या लगेच कापून टाका. गटिंगवाला तालुक्याच्या गावी असतो आणि रॅकेट कित्येक दिवस घरीच पडून राहते. तेवढ्या वेळात एकतर्फी ताणाने फ्रेम वाकते.

खरा प्रश्न ग्रिपचा. कारखान्यातून आलेल्या जाड ग्रिपवरच नवी ओव्हरग्रिप (वरून गुंडाळायची पातळ पट्टी) चढवायची सवय सगळीकडे दिसते. त्याने मूठ एका मापाने तरी फुगते. जुनी ग्रिप काढा, लाकडावर कुशन रॅप ही पातळ, मऊ पट्टी गुंडाळा, म्हणजे घाम लाकडात मुरणार नाही. त्यावर ओव्हरग्रिप लावा. योनेक्सची सुपर ग्रॅप ०.६ मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर रुंद आणि १२०० मिलिमीटर लांब असते. वरचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा आधी सोलून काढा, नाहीतर मूठ साबणासारखी निसटते. पट्टीच्या निमुळत्या टोकापासून, खालच्या बुंध्याकडून सुरुवात करून ताण देत वर जा आणि प्रत्येक वेढा मागच्यावर थोडासाच चढवा. जास्त चढवलात तर मूठ जाड होते आणि पट्टी वरपर्यंत पुरत नाही. डावखुऱ्याने उलट दिशेने गुंडाळावी. पट्टीची कड बोटांच्या फिरण्याविरुद्ध गेली की ती उचकटते.

टॉवेल ग्रिप घाम उत्तम शोषते, हिवाळ्यात तिच्यासारखी पकड नाही. पण जून ते सप्टेंबर ती वाळतच नाही. बॅगेत बंद राहिली की कुबट वास येतो, बुरशी धरते, शिवाय मागचा गोंद मुठीला चिकटून बसतो. पावसाळ्यात पातळ ओव्हरग्रिपच वापरा आणि ती गुळगुळीत झाली की लगेच बदला, फाटायची वाट पाहू नका. घरी आल्यावर रॅकेट बॅगेबाहेर काढून पंख्याखाली टांगा. उभ्या गाडीत ठेवू नका, उन्हाच्या तावाने तारांचा ताण उतरतो. आणि नायलॉनचं फूल घेताना टोपीजवळची पट्टी हिरवी आहे ना ते पाहा. ते हळू जाणारं, गरम हवेसाठीचं फूल असतं. दुकानदार निळ्या पट्टीचं पुढे करतो, ते कोकणच्या उकाड्यात सारखं मागच्या रेषेबाहेर जातं.